कधीतरी ओढणारे : राजुरी परिसराच्या संदर्भात प्रासंगिक धूम्रपानाचे स्वरूप

प्रस्तावना

‘विडी-सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला ग्रामीण महाराष्ट्रात साधारणतः तीन उत्तरे मिळतात : ‘ओढतो’, ‘नाही’ आणि ‘तशी नाही, कधीतरी’. पहिल्या दोन उत्तरांचा वैद्यकशास्त्राने, समाजशास्त्राने व कायद्याने विपुल विचार केला आहे. तिसरे उत्तर मात्र बहुधा दुसऱ्याच्या खात्यात जमा केले जाते. उत्तर देणारा स्वतःला ओढणाऱ्यांत धरत नाही आणि लिहून घेणाराही ‘नाही’ या चौकटीत खूण करून पुढे जातो. अशा रीतीने एक मोठा वर्ग कोणत्याच नोंदीत नीटसा उतरत नाही. या वर्गाची लक्षणे व सवयी कोणत्या, त्याला तलफ का येत नाही आणि तलफ नसतानाही त्याची सवय वर्षानुवर्षे का टिकते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संदर्भासाठी जुन्नर तालुक्यातील राजुरी हे गाव घेतले आहे. कल्याण–अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) महामार्गावर आळेफाटा व बेल्हे यांच्या दरम्यान वसलेले हे गाव दुग्धव्यवसाय व बागायती शेतीसाठी परिचित आहे. जवळच्या आळेफाट्यावर हा रस्ता पुणे–नाशिक महामार्गाला छेदतो. वाहतूक, बाजार, दूध संकलन आणि यात्रा-जत्रा यांमुळे येथे माणसे सतत एकत्र येतात, आणि प्रासंगिक धूम्रपानाचा संबंध तंबाखूइतकाच माणसे एकत्र येण्याशी आहे. हे विवेचन घरोघरच्या पाहणीवर आधारलेले नाही. प्रकाशित सर्वेक्षणे व संशोधन यांच्या साहाय्याने परिसरातील परिचित प्रसंगांचा अर्थ लावण्याचा हा प्रयत्न आहे.

संज्ञा व मोजदाद

भारतात २००९-१० व २०१६-१७ या वर्षी झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात तंबाखू सेवन करणाऱ्यांची ‘दररोज’ आणि ‘दररोजपेक्षा कमी’ अशी विभागणी केली आहे. दुसऱ्या फेरीनुसार देशातील १५ वर्षांवरील २८.६ टक्के व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करीत होत्या. एकूण व्यक्तींच्या प्रमाणात यांत २४.९ टक्के दररोज, तर ३.७ टक्के कधीतरी सेवन करणाऱ्या होत्या. महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के आढळले. आपल्या राज्यात तंबाखू मुख्यतः ओढली जात नाही, ती मळली जाते, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. या वस्तुस्थितीचा प्रासंगिक धूम्रपानाशी निकटचा संबंध आहे. त्याचा विचार पुढे येईलच.

या वर्गाच्या शास्त्रीय अभ्यासात अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ सॉल शिफमन यांचे नाव अग्रभागी आहे. १९८९ मध्ये त्यांनी ‘चिपर’ या नावाने एका गटाचे वर्णन केले. हे लोक आठवड्यातून किमान चार दिवस ओढत, परंतु दिवसाला पाचांहून अधिक सिगारेटी ओढत नसत. असे असूनही ते वर्षानुवर्षे त्याच पातळीवर राहिले होते. तोपर्यंतचा रूढ समज असा होता की, थोडे ओढणारा हा अधिक ओढण्याच्या वाटेवरील प्रवासी असतो. काही जणांचा मात्र या वाटेवर कायमचा मुक्काम पडतो, हे शिफमन यांच्या निरीक्षणाने दाखवून दिले. पुढे त्यांनी रोज न ओढणाऱ्यांचेही दोन प्रकार वेगळे केले : जे कधीच रोज ओढत नव्हते ते, आणि पूर्वी रोज ओढणारे परंतु आता कमी केलेले. वरवर दोघांची सवय सारखी दिसते. दुसऱ्या प्रकारात मात्र अवलंबित्वाच्या खुणा अधिक आढळतात. आपल्याकडे ‘आता फार कमी केली’ असे सांगणारा प्रौढ या दुसऱ्या प्रकारातला होय.

शाळकरी वा महाविद्यालयीन मुलाच्या बाबतीत मुक्काम व प्रवास यांतला फरक आधी ओळखता येत नाही. अमेरिकन संशोधक जोसेफ डिफ्रांझा यांच्या गटाने २००० सालापासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, रोज ओढण्याची सवय लागण्यापूर्वीच काही किशोरांत अवलंबित्वाची लक्षणे दिसून आली. म्हणून प्रौढ ‘चिपर’चे उदाहरण सोळा वर्षांच्या मुलाला लावणे सर्वस्वी गैर ठरेल.

तलफ का येत नाही?

धुरातील निकोटीन फुप्फुसांतून रक्तात व तेथून मेंदूत पोहोचण्यास दहा ते वीस सेकंद लागतात. रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्मे होते. रोज पंधरा-वीस विड्या ओढणाऱ्याच्या शरीरात दिवसभर निकोटीन साचत जाते, रात्री ते उतरते आणि सकाळी उठताच शरीर मागणी करू लागते. त्यामुळेच अवलंबित्व मोजण्याच्या प्रचलित फागरस्ट्रॉम चाचणीत ‘उठल्यानंतर किती वेळाने पहिली ओढता?’ या प्रश्नाला सर्वाधिक महत्त्व आहे. कधीतरी ओढणाऱ्याच्या शरीरात निकोटीन साचतच नाही. शनिवारी रात्री लग्नाच्या मांडवामागे ओढलेल्या सिगारेटीचे निकोटीन रविवारी दुपारपर्यंत जवळजवळ संपलेले असते. त्याची चिडचिड होत नाही, झोप मोडत नाही, हात शिवशिवत नाहीत. फागरस्ट्रॉम चाचणीत त्याला बहुधा शून्य गुण मिळतात आणि तो निर्धास्त होतो. वस्तुतः ती मोजपट्टी रोज ओढणाऱ्यांसाठी बेतलेली आहे.

‘आम्ही आत घेत नाही, नुसता धूर सोडतो’ हा युक्तिवादही येथे तपासला पाहिजे. शिफमन यांच्या गटाने सिगारेट ओढण्यापूर्वीचे व नंतरचे रक्त तपासले, तेव्हा ‘चिपर’ दर सिगारेटीमागे रोज ओढणाऱ्यांइतकेच निकोटीन शोषून घेतात असे आढळले. म्हणजे झुरका खराच असतो. विडीच्या बाबतीत तर नुसता धूर सोडणे कठीणच. टेंभुर्णीच्या पानातून हवा फारशी आत जात नाही, आणि झुरके सतत व जोरात घेतले नाहीत तर विडी विझते. सिगारेटीच्या तुलनेत विडीत तंबाखू पुष्कळ कमी असते. तरीही तिच्यामुळे शरीरात जाणारे निकोटीन व कार्बन मोनॉक्साइड कमी नसते, याचे हेच कारण आहे.

प्रसंग आणि परिसर

तलफ नसेल तर ओढले का जाते? याचे उत्तर रक्तात सापडत नाही, ते प्रसंगात सापडते. शिफमन यांनी सहभागी व्यक्तींकडून प्रत्येक सिगारेटीची तेथल्या तेथे इलेक्ट्रॉनिक रोजनिशीत नोंद करून घेतली. रोज न ओढणाऱ्यांची सिगारेट मुख्यतः घराबाहेर, मित्रांच्या संगतीत, इतर कोणी ओढत असताना व मद्यपानाच्या वेळी पेटते, असे त्यातून दिसून आले. रोज ओढणाऱ्याचे घड्याळ त्याच्या शरीरात असते, तर कधीतरी ओढणाऱ्याचे घड्याळ भोवतालच्या माणसांत असते, असे म्हणता येईल.

राजुरीसारख्या गावात हे प्रसंग कोणते, हे परिसर जाणणाऱ्यास सांगावे लागत नाही. सकाळ-संध्याकाळ दूध घालून झाल्यावर चहाच्या टपरीवर जमणारी मंडळी. कांद्याची गाडी आळेफाट्याच्या बाजारात लावल्यानंतर लिलावाची वाट पाहण्याचे रिकामे तास. बेल्ह्याच्या बैलबाजारात सौदा ठरेपर्यंतचा खल. लग्नात वाढपाची गडबड ओसरल्यावर आचाऱ्याच्या चुलीजवळचा कोपरा. चैत्र-वैशाखातील यात्रा हा त्यांतील सर्वांत ठळक प्रसंग. नारायणगाव ही तमाशाची पंढरी समजली जाते. पाडव्याच्या सुमारास तेथील राहुट्यांत गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात. यात्रेच्या रात्री फडासमोर बसलेल्या पुरुषांत, एरवी वर्षभर विडीला हात न लावणारे कितीतरी जण हमखास एखाद-दुसरी ओढतात. पावसाळ्यात माळशेज घाटात येणाऱ्या तरुणांच्या टोळक्यांची गोष्ट याहून फार निराळी नाही. तेथे फडाऐवजी धबधबा असतो, इतकेच.

या सर्वांहून वेगळा प्रसंग रात्रीच्या पाण्याचा आहे. कृषिपंपांना वीज पाळीपाळीने मिळते. रात्रीची पाळी असली की शेतकऱ्याला अंधारात दारे धरावी लागतात, आणि जुन्नर तालुक्यात त्या अंधारात बिबट्याचे भय असते. अशा वेळी पेटवलेली विडी जाग राहण्यासाठी, ऊब मिळावी म्हणून आणि काही अंशी धीरासाठी असते. येथे संगत नसते. उलट एकटेपण हेच निमित्त होते. पाश्चात्त्य अभ्यासांतील ‘संगतीने ओढणारा’ हे चित्र आपल्या शेतीच्या परिस्थितीला जसेच्या तसे लागू पडत नाही, याची जाणीव ठेवणे इष्ट होय.

या वर्गाच्या काही सवयी लक्षणीय आहेत. कधीतरी ओढणारा स्वतःजवळ पाकीट वा बंडल बाळगत नाही, काडेपेटीही नाही. त्याचा साठा दुसऱ्याच्या खिशात असतो. तो घरात, मुलांदेखत किंवा वडीलधाऱ्यांसमोर ओढत नाही. वडील दिसताच विडी मुठीत लपवण्याची किंवा टाकून देण्याची रीत रोज ओढणाऱ्यांतही आहे, पण तेथे ती केवळ रीत असते. कधीतरी ओढणाऱ्याच्या बाबतीत हीच मर्यादा त्याच्या सवयीचे कुंपण बनते. घरी परतण्यापूर्वी बडीशेप खाणे वा चूळ भरणे हाही त्याचाच भाग. शिवाय पुढे केलेली विडी नाकारणे हे पुढे करणाऱ्याला नाकारल्यासारखे वाटते. सौदा, सोयरीक वा सलोखा यांच्या बोलण्यात हा संकोच विशेष जाणवतो. पुष्कळांच्या बाबतीत विडी ओढणे हे ‘नाही’ म्हणता न येण्याचे दुसरे नाव असते.

स्त्रियांविषयी थोडक्यातच लिहिता येते. सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीत राज्यातील १.४ टक्के स्त्रियांनी धूम्रपान करीत असल्याचे सांगितले. ग्रामीण स्त्रियांत तंबाखूचा खरा शिरकाव मशेरीच्या रूपाने आहे, आणि मशेरी ‘कधीतरी’ लावली जात नाही. ती रोजच लागते.

विडी या परिसराला परकी नाही. पुणे–नाशिक रस्त्यावरील संगमनेर व सिन्नर ही विडी कारखानदारीची जुनी केंद्रे होत. तेथे घरोघरच्या स्त्रियांनी वळलेल्या विड्या याच रस्त्याने सर्वत्र गेल्या. दुसरीकडे याच परिसरात विडीला थोपवून धरणारी परंपराही आहे. राजुरीच्या शेजारच्या आळे गावी, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद वदविले असे मानले जाते त्या रेड्याची समाधी आहे. ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. गळ्यात माळ घातलेला वारकरी मद्यमांसाप्रमाणे तंबाखूही वर्ज्य मानतो. माळकऱ्याला कोणी विडी पुढे करीत नाही, त्यामुळे नाकारण्याचा प्रसंगच येत नाही. सवय प्रसंगावर उभी असेल, तर प्रसंग मुळातच टाळणारे असे चिन्ह किती प्रभावी ठरू शकते, याचा विचार व्यसनमुक्तीच्या कार्यकर्त्यांनी अधिक करावयास हवा.

श्रावणाची परीक्षा

‘व्यसन असते तर श्रावण पाळता आला असता का?’ हा या वर्गाचा आवडता पुरावा. तो खोटा नाही. कधीतरी ओढणारा महिनाभर, क्वचित चातुर्मासभरही, विनासायास दूर राहू शकतो. मात्र यातून सिद्ध होते ते एवढेच की, त्याला निकोटीनची शारीरिक ओढ नाही. श्रावण सरतो, पुढे लग्नसराई येते, मग यात्रा येते आणि विडीही परतते. रोज ओढणाऱ्याला सोडणे अवघड असते. याला सोडलेले टिकवणे अवघड असते. अमेरिकेत झालेल्या अभ्यासांत रोज न ओढणाऱ्यांपैकीही बहुसंख्यांचे सोडण्याचे प्रयत्न अयशस्वी ठरलेले दिसतात. यशाचे प्रमाण रोज ओढणाऱ्यांपेक्षा थोडेफार बरे, इतकेच. शारीरिक ओढ नसलेल्यांच्या बाबतीत हे आश्चर्याचे वाटते. परंतु सोडण्याची निकड वाटत नाही, हेच येथे मोठे कारण दिसते.

खिशातील दुसरी डबी

वर उल्लेखिलेली ३.८ व २४.४ ही टक्केवारी येथे पुन्हा लक्षात घ्यावी लागते. महाराष्ट्रातील कधीतरी ओढणारा हा पुष्कळदा रोज मळणारा असतो. सिगारेट यात्रेपुरती असली तरी चुना-तंबाखूची डबी खिशात कायम असते. अशा व्यक्तीला विडीची तलफ येत नाही, याचे श्रेय तिच्या संयमाला देता येणार नाही. तिची निकोटीनची गरज दुसऱ्या मार्गाने भागत असते. पाश्चात्त्य संशोधनातील ‘चिपर’ हा बहुतेक वेळा केवळ सिगारेट ओढणारा असतो; आपल्याकडे तोच शब्द वापरताना डबीची चौकशी केल्याविना निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल. ‘धूम्रपान : कधीतरी’ एवढीच नोंद झालेल्या केसपेपरावर मुखकर्करोगाचा धोका कोठेच दिसत नाही.

थोड्याचा हिशेब

‘थोडे ओढले तर थोडेच नुकसान’ हा समज गणिताला धरून आहे. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत तो काही अंशी खराही ठरतो. तेथे धोका किती व किती वर्षे ओढले यांनुसार वाढत जातो. हृदयाच्या बाबतीत मात्र हे त्रैराशिक चालत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील ॲलन हॅकशॉ व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अनेक दीर्घकालीन अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. दिवसाला २० सिगारेटी ओढल्याने हृदयविकाराचा जेवढा अतिरिक्त धोका संभवतो, त्याचा सुमारे ४६ टक्के भाग पुरुषांत दिवसाला केवळ एक सिगारेट ओढल्यानेच उद्भवतो, असे त्यांना आढळले. विसाव्या हिश्शाने पाच टक्के अपेक्षित होते. नॉर्वेतील सुमारे ४३ हजार स्त्री-पुरुषांच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसाला एक ते चार सिगारेटी ओढणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू न ओढणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होते. दीर्घकाळ सरासरी दिवसाला एकाहूनही कमी ओढत आलेल्यांचा मृत्यूचा एकूण धोका ६४ टक्क्यांनी अधिक असल्याचे २०१७ मधील एका अमेरिकन अभ्यासाने दाखवले.

याचे कारण रक्तवाहिन्यांच्या अस्तरात व रक्तबिंबिकांत आहे. थोड्याशा धुरानेही अस्तराची प्रसरण पावण्याची क्षमता घटते आणि रक्तबिंबिका एकमेकींना चिकटू लागतात. धूर वाढवला म्हणून हा परिणाम त्याच प्रमाणात वाढत नाही. तो आरंभीच बराचसा होऊन गेलेला असतो. ज्याच्या धमनीत आधीच मेद साचलेला आहे, अशा पन्नाशीतील मधुमेही माणसाला याची झळ अधिक पोहोचते.

विडी सौम्य असते हा समजही असाच. मुंबईत मतदार याद्यांच्या आधारे ३५ वर्षांवरील सुमारे एक लाख व्यक्तींचा पाठपुरावा करण्यात आला. प्रकाश गुप्ता व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, न ओढणाऱ्यांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा मृत्युदर ३७ टक्क्यांनी, तर विडी ओढणाऱ्यांचा ६४ टक्क्यांनी अधिक होता.

सुटी सिगारेट

१ एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या वेष्टनाचा ८५ टक्के भाग सचित्र इशाऱ्याने व्यापणे बंधनकारक आहे. हा इशारा पाकीट विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतो. कधीतरी ओढणारा पाकीट घेतच नाही. त्याच्या हाती येते ती सुटी सिगारेट, जिच्यावर ना चित्र ना मजकूर. सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीत सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ६८ टक्के व्यक्तींनी शेवटची खरेदी सुटी केली होती. विडीच्या बाबतीत हे प्रमाण १७ टक्के होते. विडीचे बंडल स्वस्त असल्याने ते सहज अखंड घेतले जाते, आणि बंडल एकदा खिशात आले की ‘कधीतरी’चे ‘रोज’ होण्यास वेळ लागत नाही. सिगारेट सुटी मिळत राहिल्याने सवय मर्यादित राहते हे खरे. पण ती सोडण्याचे निमित्तही हाती येत नाही.

सुट्या विडी-सिगारेटवर इशारा नसतो याच मुद्द्यावर महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये त्यांच्या विक्रीस बंदी केली. आदेश योग्य होता. रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर पाकीट फोडून एकेक विकण्याचा व्यवहार मात्र त्याने थांबला नाही. २००३ च्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई असून २०० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, तसेच शैक्षणिक संस्थांपासून १०० यार्डांच्या आत विक्रीस बंदी आहे. यांपैकी शेवटची तरतूद या वर्गाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची. ज्याच्या खिशात सिगारेट नसते, त्याच्यासाठी शंभर यार्डांचे अंतर पुरेसे असते.

विचारण्याची रीत

उपचारांच्या बाजूनेही या वर्गाला प्रचलित उपाय अपुरे पडतात. शिफमन यांच्याच गटाने केलेल्या चाचणीत निकोटीनयुक्त गम चघळण्याचा रोज न ओढणाऱ्यांना फारसा लाभ झाला नाही. शरीराला जे कमी पडत नाही ते पुरवून काय साधणार? याउलट कॅलिफोर्नियातील एका लहान अभ्यासात, स्वतःच्या प्रकृतीपेक्षा आपल्या धुराचा इतरांना होणारा उपद्रव समजावून सांगितल्यावर अशा व्यक्ती सोडण्यास अधिक प्रवृत्त झालेल्या आढळल्या. घरात व मुलांदेखत न ओढणाऱ्या माणसाला हा मुद्दा पटण्यासारखाच आहे. त्याने तो अर्धा आधीच मान्य केलेला असतो. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा (१८००-११-२३५६) विनाशुल्क असली तरी, ‘मी ओढणारा नव्हे’ असे मानणारा मनुष्य तेथे दूरध्वनी करीलच कशाला?

म्हणूनच प्राथमिक आरोग्य केंद्रात वा शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत ‘ओढता का?’ या प्रश्नावर थांबणे पुरेसे नाही. ‘शेवटची कधी ओढली?’, ‘कोणाबरोबर?’, ‘तंबाखू मळता का?’, ‘पूर्वी रोज ओढत होता का?’ हे चार प्रश्न दोन मिनिटांत विचारून होतात. त्यांतील पहिल्याचे उत्तर क्वचितच तारखेत मिळते. ते बहुधा ‘अमक्याच्या लग्नात’, ‘यात्रेला’ किंवा ‘परवा रात्री पाण्यावर होतो तेव्हा’ असे असते, आणि नोंदवहीत ते तसेच्या तसे लिहून घेण्यासारखे असते.